संपूर्ण नाव

पिट्सबर्गला लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा एका संध्याकाळी ती मला बेसबॉलचा सामना बघायला घेऊन गेली. शहराच्या मधून ॲलेगेनी नदी जाते. थोडं पुढे ती मोनोंगाहेलाला मिळते आणि त्या संगमातून ओहायो निघते. ॲलेगेनीवर शेजारी शेजारी तीन पिवळे पूल आहेत, एकाच घडणीचे. गावातली माणसं त्यांना तीन बहिणी म्हणतात. एक चित्रकार अँडी वॉरहॉलच्या नावाचा, एक निसर्गाबद्दल लिहिणाऱ्या रेचल कार्सनच्या आणि मैदानाकडे नेणारा तिसरा रोबेर्तो क्लेमेंतेच्या नावाचा. सामना असला की या तिसऱ्या पुलावर गाड्या बंद करतात. मग सगळं गाव पायी निघतं. बापांच्या खांद्यावर पोरं, म्हाताऱ्यांच्या हातात घडी घातलेल्या गाद्या. पालखीच्या दिवशी आपले रस्ते जसे नुसत्या माणसांचे होतात, तसा तो पूल झाला होता.

चालता चालता माझ्या लक्षात आलं, की पुढच्या कितीतरी पाठींवर एकच आकडा आहे. 21. काही सदरे नवेकोरे, काही धुऊन धुऊन विटलेले. मी लेकीला विचारलं, ‘‘हा एकवीस नंबरवाला आज खेळणार आहे का गं?’’

ती म्हणाली, ‘‘आई, तो जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली.’’

पूल संपतो तिथेच त्याचा पुतळा आहे. चेंडू टोलावून झालाय, बॅट हातातून सुटतेय, नजर दूर गेलेल्या चेंडूवर आणि पाय धावायला निघालेले. चौथरा बेसबॉलच्या मैदानासारखा चौकोनी, कोपऱ्यावर उभा केलेला. त्याच्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्यांच्या, जागी माती जपून ठेवली आहे. एका ठिकाणी तो लहानपणी ज्या बेटावर खेळला त्या पोर्तो रिकोतल्या मैदानाची, बाकी दोन ठिकाणी पिट्सबर्गमधल्या त्याच्या दोन मैदानांची. ही दोन्ही मैदानं आता उरलेली नाहीत. माणसं पुतळ्यापाशी थांबत होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी नुसताच हात टेकवून पुढे जात होतं. आपण देवळाच्या पायरीला लावतो तसा.

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनात येऊन बसला आहे.

रोबेर्तोचा जन्म 18 ऑगस्ट 1934चा, पोर्तो रिकोतल्या कारोलिना गावचा. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. आपल्याकडे मुकादम या शब्दामागे फड, कोयता, पहाटेचं थंड पाणी असं सगळं येतं, आणि तिकडचंही आयुष्य फार वेगळं नव्हतं. आई लुईसा लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावायची. घरात पोरांचं खिल्लार, हा सगळ्यांत धाकटा. कुणी काही सांगितलं की ‘जरा थांबा’ अशा अर्थाचा एक शब्द त्याच्या तोंडी सारखा असायचा, म्हणून घरी त्याचं नाव पडलं ‘मोमेन’. पेरूच्या फांदीची बॅट आणि कॉफीच्या गोणपाटाचा हातमोजा, असं त्याचं पहिलं साहित्य. शाळेत तो भालाफेक करायचा. पुढे त्याच्या ज्या हाताची अमेरिकेत दंतकथा झाली, तो हात तिथे घडला.

बेसबॉलमध्ये उजव्या बाजूच्या लांबच्या पट्ट्याला राइट फील्ड म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्याला सांगायचं तर सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक समजा. तिथून तिसऱ्या बेसपर्यंतचं अंतर एवढं, की फेकलेला चेंडू एक-दोन टप्पे घेतच पोचायचा. क्लेमेंतेचा सरळ हातात यायचा. धावणारा आत्ता पोचेन म्हणेपर्यंत बाद झालेला असायचा. 1955 साली तो पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळायला उतरला आणि 18 हंगाम त्याच एका संघाकडून खेळला. चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला, बारा वेळा त्याला क्षेत्ररक्षणाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. हे आकडे मी लेकीच्या घरी बसून वाचले. मला खरी गुंतवून ठेवणारी गोष्ट मात्र त्याच्या नावाची होती.

अमेरिकेतल्या पत्रकारांनी त्याला ‘बॉब’ करून टाकलं. कुणी ‘बॉबी’. तिकडे खेळाडूंच्या चित्रांचे छोटे पत्ते निघतात, मुलं ते जमवतात आणि एकमेकांत बदलतात. त्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या पत्त्यांवर 1957 ते 1969 इतकी वर्षं ‘बॉब क्लेमेंते’ असं छापलं जात होतं. तो सांगत राहिला, की माझं नाव रोबेर्तो आहे. तरी ‘बॉब’च. बरं, एवढ्यावर थांबले नाहीत. त्याची मातृभाषा स्पॅनिश, इंग्रजी उशिरा शिकलेलं. मुलाखतीत तो जे बोले ते उच्चारांसकट, चुकांसकट वर्तमानपत्रात छापायचे. त्याने खेळाबद्दल काय सांगितलं ते राहिलं बाजूला, वाचणाऱ्याच्या लक्षात राहायचं ते त्याचं मोडकं बोलणं. त्याची पाठ दुखायची, आणि तो तसं म्हणाला की ‘नाटकं करतो’ असं लिहून यायचं. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचा फरक. त्या लोकांनी आधी पहिलं केलं, मग दुसरं.

त्याच्या बाबतीत दोन ओझी होती, आणि तो ते स्वतः बोलूनही दाखवायचा. एक तर काळा, त्यातून परक्या भाषेचा. हंगामापूर्वीचा सराव फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला व्हायचा. तिथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरायचे, काळ्या खेळाडूंची सोय गावाच्या दुसऱ्या भागात लोकांच्या घरी. प्रवासात बस खाणावळीपाशी थांबली की गोरे आत जाऊन जेवायचे, काळ्यांना बसमध्ये बसून राहावं लागायचं, आतून कुणीतरी त्यांच्यासाठी खायला आणून द्यायचं. क्लेमेंतेने बरोबरच्यांना सांगितलं, असं आणलेलं अन्न घ्यायचं नाही. पुढे संघाला काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी द्यावी लागली. आत जाऊन बसता आलं नाहीच, पण हात पसरून घेणं थांबलं.

हे वाचत होते तेव्हा लेक कामावर गेली होती. तिच्या नावात ‘ज्ञ’ आहे. आम्ही हौसेनं ठेवलेलं नाव, तिच्या आजीनं सुचवलेलं. तिथे तो ‘ज्ञ’ कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला दोन अक्षरांचं सोपं नाव मिळालं. ती म्हणते, माणसं चांगली आहेत गं, त्यांना जमत नाही एवढंच. मी फोनवर तिला कुणीतरी त्या नावानं हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा हे कुणाला बोलावतायत असं मला वाटलं. ती ‘ओ’ म्हणाली. पोटात काहीतरी हललं.

मी शाळेत शिकवायचे. तीस-पस्तीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली. एक मुलगा आठवतो. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आजोबा नाव घालायला आले होते. त्यांनी पोराचं घरातलं हाकेचं नाव सांगितलं, तेच मी पटावर लिहिलं, आणि जन्मतारीख ठाऊक नव्हती म्हणून सगळ्यांची लिहायचो तशी 1 जून. पुढे वीसेक वर्षांनी तो माझ्या दारात उभा राहिला, हातात राजपत्राची प्रत घेऊन. नावात बदल केल्याची नोंद झाली होती. ‘‘बाई, आता हे माझं नाव,’’ म्हणाला, आणि बारशाला ठेवलेलं नाव त्यानं मला वाचून दाखवलं. तक्रार नव्हती त्याची. पेढे घेऊन आला होता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मी एकदा नीट विचारलं असतं तर?

म्हणून मला 1971चा तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघावासा वाटला. 17 ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना पायरेट्सनी 2-1 असा जिंकला. क्लेमेंतेने त्यात एक होम रन मारली होती. मालिकेतल्या सातही सामन्यांत त्याचा किमान एक तरी हिट, म्हणजे बेस गाठून देणारा टोला, होता, सरासरी .414, आणि तोच मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. वय 37. सोळा-सतरा वर्षं ज्याचं बोलणं चुकांसकट छापलं गेलं, तो आता साऱ्या देशाच्या दूरचित्रवाणीसमोर उभा होता. त्यानं सांगितलं, की इंग्रजीत काही बोलण्याआधी मला माझ्या आई-वडिलांना स्पॅनिशमध्ये दोन शब्द सांगायचे आहेत. आणि आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी त्यानं आपल्या पोरांना आशीर्वाद दिला आणि आई-वडिलांकडे आशीर्वाद मागितला.

पोर्तो रिकोत ही रीतच आहे. घरात शिरताना, बाहेर पडताना, फोन उचलल्यावर मोठ्यांना ‘बेन्दिसियोन’ म्हणायचं. म्हणजे आशीर्वाद द्या. आणि मोठ्यांनी म्हणायचं, देव तुझं भलं करो. आपण वाकून नमस्कार करतो, ते शब्दांनी वाकतात. बाल्टिमोरच्या त्या खोलीत, घामाघूम साथीदारांच्या गर्दीत, उसाच्या मुकादमाचा धाकटा पोरगा आई-बापांपुढे शब्दांनी वाकला. तिथल्या कितीतरी प्रेक्षकांना तो काय बोलतोय ते कळलं नसेल. कारोलिनातल्या त्या घरात कळलं, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं. मी ते चित्रण लेकीच्या संगणकावर पाहिलं. स्पॅनिशचं अक्षर कळत नाही मला. पण ‘बेन्दिसियोन’ शब्द कानावर पडला आणि आपोआप माझे हात जुळले.

पुढच्या वर्षी, 30 सप्टेंबर 1972ला, थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये त्याचा तीन हजारावा हिट आला. त्याआधी फक्त दहा खेळाडू तिथवर पोचले होते, आणि लॅटिन अमेरिकेतला एकही नव्हता. दुसऱ्या बेसवर उभा राहून त्यानं टोपी उचलली. त्या दिवशी मैदान निम्मंही भरलेलं नव्हतं, तेरा हजारांच्या आसपास लोक असतील. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा हिट ठरला. बरोबर तीन हजार. ना एक कमी, ना एक जास्त. चाहते हा आकडा अजून असा उच्चारतात, जणू कुणीतरी पोथीला शेवटची गाठ मारून ठेवली आहे.

वर्षाच्या शेवटी तो निकाराग्वाला पोर्तो रिकोच्या हौशी संघाबरोबर गेला होता. तिथल्या रुग्णालयात त्याला पाय गमावलेला एक मुलगा भेटला. त्याला कृत्रिम पाय मिळावेत म्हणून तो खटपटीला लागला. घरी परतून फार दिवस झाले नव्हते, तोच 23 डिसेंबरला मानाग्वा शहर भूकंपानं जमीनदोस्त झालं. हजारो माणसं गेली. क्लेमेंतेने सॅन हुआनमध्ये मदत गोळा करायला घेतली. नाताळ विसरला. औषधं, कपडे, अन्न जमत गेलं, विमानं जाऊ लागली. मग बातम्या येऊ लागल्या, की तिथल्या सत्ताधारी सोमोसाची माणसं सामान मधल्यामधे लंपास करताहेत. तेव्हा त्यानं ठरवलं, पुढच्या विमानातून आपण स्वतः जायचं. आपण बरोबर असलो तर सामानाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही.

इथे मी वाचताना थांबले. ज्या नावासाठी इतकी वर्षं भांडला, त्या नावावर त्याचा हा केवढा भरवसा! आणि ते नाव त्यानं कुठे वापरायला काढलं, तर उपाशी माणसापर्यंत पोतं पोचावं म्हणून.

31 डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास विमान सुटलं. जुनं, चार इंजिनांचं मालवाहू डीसी-7. त्याच महिन्यात त्याला एक अपघात होऊन गेला होता, आणि त्यात झेपेल त्याहून जास्त वजन भरलं होतं. उड्डाण झाल्यावर लगेच इंजिनात बिघाड झाला आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ते समुद्रात कोसळलं. आत पाच माणसं होती. घराघरांत नव्या वर्षाची गाणी चालू होती, ती बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पिन्योनेसच्या किनाऱ्यावर माणसं जमू लागली. शेकड्यांनी, मग हजारांनी. करण्यासारखं काहीच नव्हतं. नुसतं उभं राहायचं आणि पाण्याकडे बघायचं. पाणबुडे जात होते, बोटी फिरत होत्या, माणसं हलत नव्हती. एक दिवस नाही, अनेक दिवस. नव्या राज्यपालांच्या शपथविधीचा जल्लोष रद्द झाला. समुद्रानं वैमानिकाचा देह परत दिला. क्लेमेंतेचा दिला नाही. त्याची पत्नी व्हेरा हिनं ओळखलेला एक मोजा मिळाला. आजतागायत त्याचा देह सापडलेला नाही.

आपल्याकडे कोळीवाड्यांतल्या बायकांना हे सांगावं लागणार नाही. वादळात गेलेली होडी परत आली नाही, की किनाऱ्यावर असंच उभं राहतात. कपाळाचं कुंकू पुसायचं की नाही, ते ठरत नाही. देह हाती लागला की रडायला एक जागा मिळते, दहाव्याला काही करता येतं. देह नसला की माणूस पाण्याच्या रेघेशी उभा राहून नाव घेतो. दुसरं काय करणार? पिन्योनेसच्या वाळूवर उभ्या असलेल्या हजारोंकडे त्याचं तेवढंच उरलं होतं. आणि त्यांच्या तोंडी ते बरोबर होतं. तिथे त्याला कधी कुणी बॉब म्हटलंच नव्हतं.

पिट्सबर्गमध्ये नदीपलीकडच्या टेकडीवर दिव्यांचा एक मोठा फलक असे. त्या दिवसांत त्यावर स्पॅनिशमधला निरोप झळकला. पोलादाच्या कारखान्यांचं, धुराचं, स्लोव्हाक आणि पोलिश आणि आयरिश मजुरांचं ते गाव, आणि डोंगरावर त्याच्या भाषेतले शब्द. हे मला फार मोठं वाटतं. उशिरा झालं, हे खरंच. पण झालं.

तिकडे निवृत्तीनंतर पाच वर्षं गेल्याशिवाय खेळाडूला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनात, घेत नाहीत. क्लेमेंतेसाठी तो नियम बाजूला ठेवला. 1973च्या मार्चमध्ये खास मतदान झालं, 424 पैकी 393 मतं त्याला. लॅटिन अमेरिकेतून तिथे पोचलेला तो पहिला खेळाडू. ऑगस्टमध्ये त्याचा ब्राँझचा फलक लागला, आणि त्या फलकावर नाव चुकलं! ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’ असं कोरलं गेलं. स्पॅनिश रीतीत आधी वडिलांचं आडनाव येतं, मागाहून आईचं. वॉकर हे लुईसाच्या माहेरचं. म्हणजे हवं होतं ‘रोबेर्तो क्लेमेंते वॉकर’. अमेरिकी डोळ्यांना शेवटचा शब्द तेच आडनाव दिसतं, म्हणून त्यांनी आईला उचलून मधे बसवलं. धातूत कोरलेली ती चूक सत्तावीस वर्षं भिंतीवर होती. 2000 साली तो फलक नव्यानं ओतला, नावाचा क्रम दुरुस्त केला.

आपल्या अर्जांवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं ‘संपूर्ण नाव’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘आडनाव, नाव, वडिलांचे नाव’. मी हजारो अर्ज भरून घेतले असतील. रकाने भरायची एवढी सवय, की त्या तीन शब्दांत तीन माणसं असतात हे हाताच्या लक्षात येत नाही. त्या जुन्या फलकावरच्या चुकीत दुसऱ्यांचे कपडे धुणारी एक आई होती.

मैदानात आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर कागद, हातात पेन्सिल, प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. अंगात तोच 21. लेकीनं त्यांच्याशी बोलणं काढलं. त्यांनी समोरच्या उजव्या भिंतीकडे बोट दाखवलं. ती भिंत मुद्दाम 21 फूट उंच बांधली आहे, म्हणाले. मग आपल्या लहानपणाचं सांगू लागले. वडील कारखान्यात होते, स्वस्तातल्या तिकिटावर राइट फील्डच्या मागे बसायचे, क्लेमेंते त्यांच्या सगळ्यांत जवळचा खेळाडू. तो मागे वळून पोरांशी हसायचा. ‘‘आम्ही सगळी पोरं त्याला बॉबी म्हणून हाका मारायचो,’’ ते म्हणाले. ‘‘आम्हाला वाटायचं आम्ही लाडानं म्हणतोय. त्याला ते आवडत नव्हतं हे मला मोठेपणी वाचून कळलं.’’ आणि पेन्सिल हातात तशीच धरून ते थोडा वेळ गप्प बसले. एक चेंडू नोंदवायचा राहून गेला.

त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कुणालाही म्हणता येणार नाही. दहा वर्षांचं पोर ज्या नावानं हाक मारतं त्यात त्याचा सगळा जीव असतो. पण हाक मारणाऱ्याचा जीव आणि ऐकणाऱ्याचं नाव या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट सांभाळायची राहून गेली होती. ते गृहस्थ दर हंगामात येऊन बसतात, त्यात मला नुसती जुनी आठवण दिसली नाही. काहीतरी फेडणं चाललं होतं. हळूहळू, सामन्यामागून सामना.

अशी फेड करणारी माणसं त्या गावात बरीच असावीत. 2025च्या हंगामाच्या सुरुवातीला त्या उजव्या भिंतीवरचं 21चं चिन्ह झाकून तिथे एक जाहिरात लागली. लोकांच्या ते लगेच लक्षात आलं. क्लेमेंतेच्या घरच्यांना वाईट वाटलं, चाहते संतापले, आणि संघानं चूक मान्य करून आकडा परत लावला. जाहिरातीला दुसरी भिंत मिळेल. तो आकडा त्याच भिंतीवर हवा, कारण त्या बाजूला तो उभा राहायचा. 2020 साली 9 सप्टेंबरला पायरेट्सच्या झाडून सगळ्या खेळाडूंनी खास त्या दिवसापुरता पाठीवर 21 घातला होता. दर सप्टेंबरात त्याच्या नावाचा एक दिवस असतो. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला जो पुरस्कार मिळतो, तो 1973पासून त्याच्या नावानं दिला जातो. कारोलिनात मुलांसाठी खेळांचं गाव उभारायचं त्याच्या मनात होतं. व्हेरानं 2019मध्ये डोळे मिटेपर्यंत ते स्वप्न हातातून सोडलं नाही.

या सगळ्यांत माझ्या मनातून न जाणारा माणूस मात्र आहे मॅनी सांगियेन.

सांगियेन पायरेट्सचा कॅचर, आपल्या यष्टीरक्षकासारखा. पनामाचा. त्याची भाषा स्पॅनिश, रंग काळा, क्लेमेंतेचा जिवाभावाचा मित्र. त्याला ते नाव कधी शिकावं लागलं नाही. अपघात झाला तेव्हा तो हिवाळ्यातले सामने खेळायला पोर्तो रिकोतच होता. 4 जानेवारीला कारोलिनाच्या चर्चमध्ये प्रार्थनासभा झाली. पिट्सबर्गहून सगळा संघ विमानानं आला होता. सांगियेन त्या सभेला नव्हता. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरला होता, मित्राला शोधायला. त्या भागात खडक आहेत, शार्क आहेत, पाणी गढूळ. तो पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला.

6 एप्रिल 1973ला नवा हंगाम सुरू झाला. सामन्याआधी 21 नंबर कायमचा निवृत्त केला. पुन्हा कुणी पायरेट तो घालणार नव्हता. लुईसा आणि व्हेरा त्या दिवशी मैदानात आल्या होत्या. मग संघ खेळायला उतरला, आणि राइट फील्डमध्ये, अठरा वर्षं जिथे क्लेमेंते उभा राहिला होता त्या जागी, सांगियेन जाऊन उभा राहिला. एवढी वर्षं तो होम प्लेटमागे, मुखवटा घालून, गुडघे वाकवून बसायचा. आता पाठीमागे भिंत, पुढे केवढं तरी गवत, आणि लांबून येणारे उंच चेंडू. ती जागा त्याची नव्हती. तो एप्रिल तिथे खेळला, मे खेळला.

जूनमध्ये त्यानं मुखवटा पुन्हा चढवला आणि प्लेटमागे जाऊन बसला.